रहस्यपटाची नांदी

१

चित्रपटास उशिरा पोहोचण्यात काही वावगे आहे, असे आमच्या भागातील पुष्कळ मंडळींस पूर्वी वाटत नसे. 'अजून पाट्याच चालू असतील' असे म्हणत माणसे सावकाश तिकिटे काढीत. डोअरकीपर हातातील बॅटरीचा उजेड पायांपाशी पाडीत त्यांना खुर्चीपर्यंत नेई. आणि आधी बसलेल्यांच्या गुडघ्यांना अडखळत ती स्थानापन्न होईपर्यंत पडद्यावरचा पहिला प्रवेश उरकलेला असे. बेळगावच्या कॅम्पात आमचे बालपण गेले. तेथे आम्हांस चित्रपटास नेणारे आमचे काका मात्र ह्या बाबतीत अत्यंत कडक होते. घंटेपूर्वी आपण आपल्या जागी असलेच पाहिजे, हा त्यांचा दंडक. एकदा चप्पल शोधण्यात आम्ही वेळ घालविला, तेव्हा ते दारातूनच म्हणाले, "अरे, पहिला सीन चुकला की उरलेला सिनेमा दुसऱ्याच्या तोंडून ऐकल्यासारखा होतो. चल, अनवाणी चल." आणि आम्ही खरोखरच अनवाणी गेलो.

काकांच्या ह्या वाक्याचा अर्थ आम्हांस त्या वेळी कळला नाही. अध्यापनात आयुष्याची पुष्कळ वर्षे घालविल्यानंतर, आणि विद्यार्थ्यांच्या शेकडो निबंधांचे निर्जीव आरंभ वाचल्यानंतर, तो थोडाफार उमगू लागला आहे. प्रस्तुत लेखात रहस्यपटाचा आरंभ प्रेक्षकास कसा बांधून ठेवतो, आणि ही विद्या आपल्याकडे कोणत्या मार्गाने आली, ह्याचा विचार करावयाचा आहे. विषय हलका आहे असे काही सभासदांस वाटण्याचा संभव आहे. परंतु ज्या प्रश्नाचा विचार विशाखदत्ताने केला, तो प्रश्न केवळ चित्रपटगृहात शिरला म्हणून हलका ठरत नाही.

रहस्य म्हणजे लपविणे, अशी सर्वसाधारण समजूत आहे. जितके अधिक लपवावे तितकी उत्कंठा अधिक, असे नवशिक्या लेखकास वाटते. आमचे म्हणणे ह्याच्या नेमके उलट आहे. उत्कंठा लपविण्यातून उपजत नाही. ती सांगण्यातून उपजते. मात्र कोणास सांगितले आणि कोणास सांगितले नाही, ही वाटणी आरंभीच व्हावी लागते. प्रेक्षकाच्या पदरी एक माहिती टाकावयाची आणि ती ज्याला सर्वांत अधिक हवी आहे त्या पात्रापासून ती दूर ठेवावयाची, एवढेच ह्या कलेचे मूळ सूत्र आहे. ज्याला ठाऊक आहे तो खुर्चीत बसलेला असतो, त्याला उठून सांगता येत नाही. आणि ज्याला सांगावयास हवे तो पडद्यावर निश्चिंतपणे हिंडत असतो.

२

ह्या सूत्राचा शोध चित्रपटाने लावला नाही. संस्कृत नाटकांत राजकीय कटकारस्थानाचे नाटक म्हणून 'मुद्राराक्षस' अद्वितीय आहे, आणि त्याचा आरंभ आजच्या कोणत्याही पटकथाकाराने अभ्यासावा असा आहे. सूत्रधार आपल्या पत्नीशी चंद्रग्रहणाविषयी बोलत असतो. क्रूर ग्रह चंद्रावर घाला घालू पाहत आहे, हे शब्द त्याच्या तोंडून निघतात न निघतात तोच पडद्याआडून संतप्त आवाज येतो. तो चाणक्याचा. त्याने 'चंद्र' ह्या शब्दाचा अर्थ चंद्रगुप्त असा घेतलेला असतो. घरगुती बोलण्यात अकस्मात राजकारण शिरते, आणि मुक्त शिखेचा तो ब्राह्मण रंगभूमीवर येण्यापूर्वीच त्याचा धाक प्रेक्षकाच्या मनात बसतो.

पुढचा भाग तर ह्याहूनही मार्मिक आहे. चाणक्याचा एक हेर यमपट घेऊन घरोघर हिंडत असतो. यमपट म्हणजे यमाची व त्याच्या शिक्षांची चित्रे रंगविलेले कापड. ते दाखवीत आणि गाणी म्हणत फिरणारा भिक्षेकरी कोणाच्याही अंगणात सहज जाऊ शके. चंदनदास जवाहिऱ्याच्या घरी तो असा खेळ दाखवीत असता आतून एक लहान मूल कुतूहलाने बाहेर येते. त्याला मागे ओढण्यासाठी दाराआडून एका स्त्रीचा हात पुढे होतो, आणि त्या गडबडीत बोटातील मुद्रिका निसटून, घरंगळत हेराच्या पायाशी येऊन थांबते. ती राक्षसाची मुद्रिका असते. हेर ती चाणक्याच्या हाती देतो.

येथून प्रेक्षकाची स्थिती बदलते. मुद्रिका चाणक्यापाशी आहे, हे त्यास ठाऊक झाले, राक्षसास नाही. ह्यापुढे राक्षस जो जो बेत रचील, ज्या ज्या मित्रावर विश्वास टाकील, त्या प्रत्येक प्रसंगी प्रेक्षकाच्या डोळ्यांपुढे ती मुद्रिका असते. नाट्यशास्त्रात कथेच्या मूळ कारणास 'बीज' म्हटले आहे आणि ते मुखसंधीत, म्हणजे आरंभीच, पेरावे असे सांगितले आहे. 'मुद्राराक्षसा'तील बीज अक्षरशः घरंगळत येते. शिवाय ते चित्रे दाखविणाऱ्याच्या हाती पडते, हा योगायोग आम्हांस मोठा सूचक वाटतो. आमच्या घाटाखाली, सिंधुदुर्गातील पिंगुळीस, चित्रे दाखवीत कथा सांगणाऱ्या चित्रकथी ठाकरांची परंपरा अद्याप नांदती आहे. चित्रपटातील 'पट' हा शब्द किती जुन्या कापडाचा आहे, हे तेथे गेल्यावर कळते.

३

आपल्या संगीत रंगभूमीने मात्र हे सूत्र फारसे उचलले नाही, आणि तसे करण्याचे तिला कारणही नव्हते. बेळगाव जिल्ह्यातील गुर्लहोसूर येथे जन्मलेल्या अण्णासाहेब किर्लोस्करांनी १८८० साली 'शाकुंतल' रंगभूमीवर आणले, तेव्हा नांदी झाली, सूत्रधार आला, आणि ज्या कथेचा शेवट प्रत्येकास मुखोद्गत होता ती कथा सुरू झाली. पुढे काय होईल, ही तेथे उत्कंठा नव्हती. ते कसे गाइले जाईल, ही होती. मूकपटाच्या आरंभकाळीही हीच वृत्ती दिसते. ३ मे १९१३ रोजी मुंबईत प्रदर्शित झालेल्या दादासाहेब फाळक्यांच्या 'राजा हरिश्चंद्रा'चा पहिला प्रवेश म्हणजे राजा आपल्या पुत्रास धनुर्विद्या शिकवीत आहे, राणी कौतुकाने पाहत आहे, असे एक शांत कुटुंबचित्र होय. संकट येणार हे सर्वांस ठाऊक होते. ते दाखवून घाबरविण्याची गरज दिग्दर्शकास भासली नाही.

कोल्हापुरास बाबूराव पेंटरांनी १९२० साली 'सैरंध्री' काढला. त्यातील कीचकवधाचे दृश्य इतके हुबेहूब उतरले होते की ते पुढे कापावे लागले. पडद्यावरील दृश्याने माणूस हादरतो, ह्याचा तो पुरावा होता. परंतु हादरणे निराळे आणि उत्कंठित होणे निराळे. रक्त पाहून माणूस डोळे मिटतो. उत्कंठेत त्याला डोळे मिटता येत नाहीत.

ह्या दोहोंतील भेद ज्याने आपल्याकडे प्रथम मोठ्या प्रमाणावर पडद्यावर दाखविला, तो माणूस आमच्याच वाटेवरचा होता. १९०१ साली कोल्हापुरात जन्मलेले व्ही. शांताराम तरुणपणी हुबळीस होते. तेथे ते रेल्वेच्या कारखान्यात काम करीत आणि न्यू डेक्कन सिनेमा ह्या पत्र्याच्या चित्रपटगृहात दाराशी उभे राहत. कोल्हापूर ते हुबळी ही वाट निपाणी-बेळगावावरून जाते, एवढ्यावरून आम्ही त्यांच्यावर हक्क सांगत नाही. परंतु चित्रपटगृहाच्या दाराशी उभ्या असलेल्या पोरास एक गोष्ट दिसते, जी आत बसलेल्यास दिसत नाही: पडद्याकडे वळलेली माणसांची तोंडे. कोणत्या क्षणी ती कुजबुज थांबवितात, कोणत्या क्षणी विडी हातातच विझते, हे तेथून दिसते. शांतारामांनी तेथे हे हेरले असेल, असा आमचा केवळ तर्क आहे. त्यांचे पुढील काम पाहता तो अगदीच निराधार वाटत नाही.

४

१ जून १९२९ रोजी कोल्हापुरात स्थापन झालेली प्रभात फिल्म कंपनी १९३३ साली पुण्यास आली. पुण्यातील नव्या चित्रगृहातून बाहेर पडलेला तिचा पहिला चित्रपट म्हणजे १९३४ सालचा 'अमृतमंथन'. कथा नारायण हरी आपटे ह्यांची. मराठीत राजगुरूची भूमिका केशवराव दाते ह्यांची, हिंदीत चंद्रमोहन ह्यांची. त्यापूर्वीच 'सैरंध्री' ह्या रंगीत चित्रपटाच्या प्रतींच्या कामानिमित्त शांताराम जर्मनीस जाऊन आले होते. छाया आणि प्रकाश ह्यांतून भीती निर्माण करण्याची जर्मन चित्रपटाची रीत त्या काळी जगभर गाजत होती. तिची खूण 'अमृतमंथना'च्या पहिल्याच प्रवेशात दिसते.

अवंतीचा राजा क्रांतिवर्मा ह्याने देवीपुढे पशूंचा व माणसांचा बळी देण्यास बंदी केली आहे. चित्रपट सुरू होतो तो राजवाड्यात नव्हे, चंडिकेच्या उपासकांच्या भुयारात. ज्योती थरथरत आहेत, भिंतींवर छाया हलत आहेत. कॅमेरा जमिनीलगत, खालून वर पाहत, जमलेल्या भक्तांभोवती वर्तुळाकार सरकत आहे. कोणी एक माणूस नीटसा दिसत नाही, जमाव दिसतो. आणि राजगुरू फर्मावितो की राजाचा वध झाला पाहिजे. ते काम एका श्रद्धाळू अनुयायावर सोपविले जाते. ह्याच चित्रपटात दूरचे जवळ आणणाऱ्या भिंगाने घेतलेले, केवळ राजगुरूच्या डोळ्याने सारा पडदा व्यापणारे दृश्य आहे. ज्यांनी ते पाहिले ते विसरले नाहीत. आल्फ्रेड हिचकॉक ह्यांच्या 'व्हर्टिगो'ची श्रेयनामावली एका स्त्रीच्या डोळ्यात शिरते, ती १९५८ साली.

आता ह्या आरंभाची रचना पाहू. कट कोणी केला हे लपविलेले नाही. कोणाविरुद्ध, कशासाठी, हेही लपविलेले नाही. सामान्य रहस्यकथाकार जे शेवटच्या पानापर्यंत दडवून ठेवतो, ते येथे पहिल्या काही मिनिटांत सांगून टाकले आहे. मग उरले काय? उरला तो प्रेक्षक. कॅमेऱ्याने त्याला भक्तांच्या वर्तुळात नेऊन बसविले, त्याच्यादेखत कट शिजविला. पुढच्या प्रवेशात राजा दिसतो, तेव्हा तो प्रेक्षकास पूर्वीसारखा राजा दिसत नाही. तो मरणाच्या आज्ञेखाली वावरणारा, आणि ते न जाणणारा, एक सज्जन माणूस दिसतो. त्याचे साधे बोलणेही काळजाला चटका लावते. ही करामत भुयाराच्या दृश्याची. राजवाड्याच्या दृश्यात एरवी थरारक असे काहीच नसते.

५

हिचकॉक ह्यांनी फ्रेंच दिग्दर्शक फ्रान्स्वा त्रुफो ह्यांच्याशी १९६२ साली केलेल्या दीर्घ संभाषणात हेच सूत्र एका दृष्टांताने मांडले. दोन माणसे टेबलाशी बसून गप्पा मारीत आहेत आणि खाली बाँब आहे. प्रेक्षकास तो ठाऊक नसेल, तर स्फोटाच्या वेळी पंधरा सेकंदांचा धक्का मिळतो. ठाऊक असेल, तर त्याच नीरस गप्पा पंधरा मिनिटे श्वास रोखून ऐकाव्या लागतात.

ह्या दृष्टांताचे मूर्त रूप म्हणावे असा एक आरंभ ऑर्सन वेल्स ह्यांच्या 'टच ऑफ इव्हिल' (१९५८) ह्या चित्रपटात आहे, आणि सीमेवर राहणाऱ्या आम्हांस तो विशेष जवळचा वाटतो. कारण तोही एका सीमेवरच घडतो. अमेरिका आणि मेक्सिको ह्यांच्या हद्दीवरील गावात एक हात बाँबचे घड्याळ लावतो आणि तो मोटारीच्या डिकीत ठेवतो. ह्यानंतर तीन मिनिटांहून अधिक वेळ कॅमेरा एकदाही न तुटता गावातून तरंगत जातो. मोटार पुढे सरते, अडते, पुन्हा निघते. एक नवविवाहित जोडपे तिच्या मागेपुढे चालत असते. नाक्यावर पहारेकरी चौकशी करतात, थट्टा करतात. मोटारीतील स्त्री तक्रार करते की तिला टिकटिक ऐकू येते आहे. तिकडे कोणी लक्ष देत नाही. कंपनीने हा प्रवेश श्रेयनामावलीच्या अक्षरांखाली प्रदर्शित केला होता. १९८५ साली वेल्स निवर्तले; त्यांच्या जुन्या टिपणाबरहुकूम १९९८ मध्ये चित्रपट पुन्हा जुळविण्यात आला, तेव्हा त्या पाट्या दूर झाल्या. पाट्या चालू असताना बाहेर रेंगाळणाऱ्या आमच्या मंडळींनी काय गमावले असते, ह्याचा हिशेब येथे मिळतो.

परंतु बाँबही अत्यावश्यक नाही. जर्मनीत फ्रिट्झ लांग ह्यांनी १९३१ साली काढलेल्या 'एम' ह्या चित्रपटाचा आरंभ आमच्या मते सर्वांत दारुण आहे. मुले वर्तुळात उभी राहून खुन्याविषयीचे गाणे म्हणत खेळत आहेत. एक आई जेवणाची तयारी करून मुलीची वाट पाहत आहे. मुलगी शाळेतून निघाली आहे, चेंडू आपटीत चालली आहे. ज्या खांबावर ती चेंडू आपटते, त्यावर खुन्याला पकडून देणाऱ्यास बक्षिसाची जाहिरात आहे, आणि तिच्यावर एका पुरुषाची छाया पडते. मग आईची हाक, रिकामा जिना, मांडलेले पण रिकामे ताट, गवतात घरंगळत आलेला चेंडू, तारांत अडकलेला फुगा. खून दाखविलेला नाही. चेंडू घरंगळतो आणि थांबतो, एवढेच. विशाखदत्ताची मुद्रिका आणि लांगचा चेंडू ह्यांच्यामध्ये कित्येक शतकांचे अंतर आहे. पण एखादी लहानशी वस्तू घरंगळत येऊन थांबते आणि प्रेक्षकास सर्व काही कळते, ही युक्ती एकच आहे.

६

आतापर्यंतच्या उदाहरणांत प्रेक्षक जाणता आहे. ह्याहून निराळा असा एक प्रकार मराठीत १९६४ साली राजा परांजपे ह्यांच्या 'पाठलाग' चित्रपटाने यशस्वी केला. जयंत देवकुळे ह्यांच्या 'आशा परत येते' ह्या कादंबरीवरून तो घेतला होता. त्या वर्षीचा उत्कृष्ट मराठी चित्रपट म्हणून त्यास राष्ट्रपतींचे रौप्यपदक मिळाले, आणि १९६६ साली राज खोसला ह्यांनी 'मेरा साया' ह्या नावाने तो हिंदीत आणला.

येथे आरंभी प्रेक्षकास कट दाखविला जात नाही. मृत्यू दाखविला जातो. वकील असलेल्या नायकाची पत्नी मरण पावते. तो शोक ओसरला नाही तोच पोलीस कळवितात की धाडीत एक स्त्री सापडली आहे. तिचा चेहरा तोच आहे, आणि मी तुमचीच पत्नी, असे ती म्हणते. पुढचा सारा चित्रपट न्यायालयात ह्या एका प्रश्नाभोवती फिरतो. प्रेक्षकास नायकाहून अधिक काही ठाऊक नाही. किंबहुना त्यास तेवढेच ठाऊक आहे, जेवढे त्याने स्वतः पाहिले. म्हणजे येथे तो जाणता नसून साक्षीदार आहे, आणि संशय त्याच्या स्वतःच्या डोळ्यांवर घेतला जात आहे. जो आरंभ चुकवितो, त्याच्यापाशी साक्षच नसते; त्यास ती स्त्री खोटी की खरी ह्याचे केवळ कुतूहल वाटेल, हुरहूर वाटणार नाही. दुसऱ्याच्या तोंडून ऐकल्यासारखे होते, असे आमचे काका म्हणत, ते ह्याच अर्थाने.

अलीकडचे एक उदाहरण देऊन ही साखळी पुरी करू. २०१८ साली राही अनिल बर्वे ह्यांनी दिग्दर्शित केलेला 'तुंबाड' हा हिंदी चित्रपट कोकणातील एका वाड्याभोवती घडतो, आणि नारायण धारप ह्यांच्या कथासृष्टीचे ऋण तो मानतो. त्याच्या आरंभी बाप मुलास समृद्धीच्या देवीची आणि तिच्या लोभी पुत्राची कथा सांगतो. मग आपण १९१८ सालच्या पावसात शिरतो. येथे सूत्रधारच परत आला आहे. फरक इतकाच की किर्लोस्करांचा सूत्रधार प्रेक्षकास निर्धास्त करी. हा त्याच्या हाती शाप देऊन निघून जातो.

७

फिल्मच्या रिळाचा आरंभ आणि शेवट ही टोके प्रत्येक खेळास हाताळली जातात, आणि म्हणून तीच आधी झिजतात. गावोगाव फिरून आलेल्या प्रतीचा पहिला प्रवेश ओरखड्यांनी भरलेला असे, ह्याचे कारण हेच. आज फिल्म गेली, ओरखडे गेले. पण भ्रमणध्वनीवर आरंभ वगळण्याची सोय आली. आमच्या शाळेतील मुले ती सर्रास वापरतात. 'सर, सुरुवातीला काही नसतं,' असे त्यांचे म्हणणे.

ह्यावर उपाय म्हणून नव्हे, तर केवळ पाहावे म्हणून, आम्ही एके दिवशी नववीच्या वर्गास 'अमृतमंथना'च्या हिंदी आवृत्तीचा आरंभ दाखविला. नव्वद वर्षांपूर्वीचे चित्र, खरखरता आवाज, जड भाषा; मुले प्रथम हसली. भुयार आले, कॅमेरा फिरू लागला, तसे हसणे थांबले. राजगुरूची आज्ञा झाल्यावर आम्ही चित्र थांबविले आणि विचारले, "आता तुम्हांला काय वाटतं?" पुढे काय होईल ह्याविषयी मुले तर्क करू लागतील, अशी आमची अपेक्षा होती. मागच्या बाकावरील एक मुलगी उठून म्हणाली, "सर, राजाला कुणीतरी सांगायला पाहिजे."

आम्हांस पुढे काही सुचले नाही. उत्कंठेविषयी जे आम्ही येथे इतक्या विस्ताराने लिहिले, ते तिने एका वाक्यात सांगितले होते, आणि त्यापलीकडचेही काही. आम्ही कोल्हापूर आणि धारवाड ह्यांच्यामध्ये राहतो. २०१३ च्या ऑगस्टमध्ये पुण्यात डॉ. नरेंद्र दाभोलकर, २०१५ च्या फेब्रुवारीत कोल्हापुरात गोविंद पानसरे आणि त्याच वर्षीच्या ऑगस्टमध्ये धारवाडास डॉ. एम. एम. कलबुर्गी ह्यांच्यावर गोळ्या झाडण्यात आल्या आणि तिघेही गेले. दोषी कोण हे ठरविणे न्यायालयांचे काम आहे. परंतु बळी बंद करणाऱ्या राजाविरुद्ध भुयारात शिजणारा कट हा आम्हांस आता निव्वळ जुन्या काळचा देखावा वाटत नाही, इतकेच सांगावयाचे आहे. ठाऊक असूनही गप्प बसावे लागणे ही चित्रपटगृहात करमणूक असते. बाहेर तिला निराळे नाव आहे.

चांगला आरंभ प्रेक्षकास हे ओझे देतो. तो त्यास प्रथम जाणता करतो आणि मग विचारतो की आता काय करशील? विशाखदत्ताने हे विचारले, शांतारामांनी विचारले. आपण शिक्षक मंडळी कथेचा सारांश शिकवितो, तात्पर्य शिकवितो, शेवट तर हटकून शिकवितो. आरंभ मात्र 'प्रस्तावना' ह्या शब्दाखाली दोन गुणांत उरकतो. आमच्या शाळेपुरते आम्ही ठरविले आहे की वर्षातून काही तास केवळ आरंभ वाचावयाचे व पाहावयाचे. आणि प्रत्येक वेळी मुलांस एकच प्रश्न करावयाचा: येथे तुला काय ठाऊक झाले, आणि ते कोणाला ठाऊक नाही? त्या तासास मात्र उशिरा येणाऱ्यास प्रवेश नाही. चप्पल सापडली नाही, तरीसुद्धा.